मितेशकाकाचा तेरा आकडा

माझा काका मितेश भोईर याला मागच्या वर्षीची कुठलीही वस्तू सहन होत नाही. फोन मागच्या वर्षीचा झाला की तो त्याच्या हातात गरम व्हायला लागतो, असं तो म्हणतो. बूट मागच्या वर्षीचे झाले की चावतात. त्याचा चुलतभाऊ प्रितेश आमच्या शेजारीच राहतो. प्रितेशने बंगल्यावर दुसरा मजला चढवला, तेव्हा काकाने सहा महिन्यांत तिसरा चढवला. त्या तिसऱ्या मजल्यावर आज एक ट्रेडमिल आणि कबुतरं राहतात. ट्रेडमिल बंद आहे, कबुतरं चालू आहेत.

काका दहावीपर्यंत शिकला, पण त्याचं खरं शिक्षण फोनवरच्या व्हिडिओंवर चालू असतं. हे व्हिडिओ तो दीडपट वेगाने बघतो, त्यामुळे आपल्याला इतरांच्या दीडपट कळतं अशी त्याची समजूत आहे. आमच्या वडपे गावात कोणाचं वायफाय अडलं, कोणाचा टीव्ही रुसला, तर काका बोलावण्याची वाट बघत नाही. तो जातो आणि म्हणतो, "हट, मी टेक्निकल माणूस हाय." मग तो टीव्ही आठवडाभर दुकानात पडून असतो.

मन वाईट नाही त्याचं. माझ्या डिप्लोमाच्या प्रवेशाला उन्हात तीन तास रांगेत उभा राहिला होता. रांगेतल्या सगळ्यांना त्याने सांगितलं की ही पोरगी कॉम्प्युटर शिकणार, मी तिला बेसिक सगळं शिकवलंय. आता मी ठाण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. काका लोकांना सांगतो, अडलं की उन्नती मला विचारते.

आमचा वजनकाटा हायवेला लागून आहे, गोदामांच्या रांगेसमोर. आजोबांनी सुरू केला. आजोबांना सगळं गाव दाजी म्हणतं, म्हणून आम्हीही दाजीच म्हणतो. काट्याचं काम सोपं आहे. ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढतो, केबिनमधल्या डबीवर वजनाचे लाल आकडे येतात आणि कॉम्प्युटर गाडीचा नंबर, वेळ, वजन छापून पावती देतो. पावतीशिवाय गोदामवाले गाडी आत घेत नाहीत. लाल आकडे देवाने खाली येऊन वाचून दाखवले तरी ते देवाकडे पावतीच मागतील.

कॉम्प्युटरवर सहा वर्षं माधवी बसते. शेजारच्या शेलार गावची आहे. बी. कॉम. झाली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. प्लॅटफॉर्मच्या बाहेर राहिलेला टायर ती काचेतून न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखते. ड्रायव्हर कितीही घाईत असो, ती त्याला दोन शब्दांत जागेवर आणते. काट्यावर तिचा शब्द चालतो हे काकाला आवडत नाही, पण ती नसली की काटा चालत नाही, हे त्याला त्याहून आवडत नाही. तिची सुट्टी रविवारी असते. रविवारी गाड्या कमी, म्हणून त्या दिवशी काका स्वतः बसतो. बसतो म्हणजे त्या खुर्चीत व्हिडिओ बघतो.

कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. डेबियन नावाची लिनक्स, बारावी आवृत्ती. कल्याणच्या एका माणसाने ती बसवून दिली होती आणि पावतीचा प्रोग्रामही त्यानेच लिहिला होता. नंतर तो परदेशात गेला आणि नंबर बदलून बसला. प्रोग्रामची दुसरी प्रत कोणाकडेच नाही. त्यामुळे त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही, असं मी घरात तीनदा सांगितलं होतं. काका तिन्ही वेळा म्हणाला होता, "मना नको सांगू. मना म्हाईत हाय."

दिवाळीनंतर प्रितेशने हायवेच्या पलीकडे स्वतःचा काटा सुरू केला. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. काका पेढा तोंडात धरून केबिनमध्ये गेला, तर समोर कोरा कॉम्प्युटर आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं, डेबियन १३.

"तुझ्याकडे कितवा हाय?" प्रितेशने विचारलं. त्यालाही तेरा म्हणजे काय ते कळत नव्हतं. आकडा मात्र कळत होता.

"बारा," काका म्हणाला.

"बारा? हां, चालतं की. बारा पण चालतं."

हे 'चालतं' काकाला चालेना. पेढा त्याने कसाबसा गिळला.

त्यानंतर काय झालं ते मला बुधवारी कळलं, काकाच्या फोनवरून.

"उन्नती, त्या पोरीने काटा बंद पाडला. सोमवार सकाळपासून पावती न्हाय."

"कोणी? माधवीने? तिने काय केलं?"

"काहीतरी दाबला असेल. फार शिकलेली समजते स्वतःला. मी तिला घरी पाठवली. दाजींना सांगितलंय, नवीन माणूस बघा. तू ये आणि मशीन बघ."

मी अर्धी रजा टाकून दुपारी वडप्याला पोचले. प्लॅटफॉर्म रिकामा होता. पलीकडे प्रितेशच्या काट्यावर गाड्यांची रांग शेलारच्या वळणाकडे तोंड करून उभी होती. आमच्या केबिनबाहेर दाजी खुर्ची टाकून ती रांग बघत होते. आत काका वहीच्या पानावर हाताने पावती लिहून एका ड्रायव्हरला देत होता.

"सेठ, ये नहीं चलेगा," ड्रायव्हर कागद परत करत म्हणाला. "इसपे तो आपका साइन भी टेढ़ा है।"

तोही पलीकडे गेला.

मी मशीन चालू केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात डेबियन १३ असं झळकलं. पावतीच्या प्रोग्रामवर क्लिक केलं, खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली.

"तेरा कधीपासून आहे इथे?" मी विचारलं.

"तेच सांगतोय ना मी," काका म्हणाला. "तिनेच केलं असणार."

मी आधी सगळ्या जुन्या पावत्यांची माहिती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग पॅकेजेस, म्हणजे लिनक्सचे सुटे भाग, कुठून आणायची हे जिथे लिहिलेलं असतं ती फाईल उघडली. बाराव्या आवृत्तीची ओळ तशीच होती आणि तिच्या खाली तेराव्या आवृत्तीची ओळ चिकटवलेली होती. कुठल्याही व्हिडिओत सांगतात की जुनी ओळ बदला. इथे जुनी काढलीच नव्हती. आमच्या घरात कोणी काही काढत नाही. जुन्या घरासमोर नवीन बंगला, जुन्या ओट्याशेजारी नवीन ओटा. दोन्ही असू देत, वापरू नवीन.

लिनक्समध्ये हे जमत नाही. एका आवृत्तीतली हजारो पॅकेजेस एकमेकांशी जुळवून तपासलेली असतात. दोन आवृत्त्या एकत्र केल्या तर ट्रकला अर्धे नट जुन्या मापाचे आणि अर्धे नव्या मापाचे लावल्यासारखं होतं. ट्रक उभा छान दिसतो. पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम स्वभावाने काकासारखाच आहे. समोर दोन आकडे ठेवले की मोठा उचलतो. त्याने सहाशे बारा पॅकेजेस तेरामधून उचलली होती, बाकीची बारावरच राहिली होती. त्या सहाशे बारांत पायथन होतं, ज्यावर पावतीचा प्रोग्राम चालतो. प्रोग्रामला जुनंच पायथन लागतं, नव्यात त्याला त्याचे सुटे भाग सापडेनात.

"हे नीट होईल," मी म्हटलं. "सगळं परत बारावर न्यावं लागेल."

काका उठून उभा राहिला. "खाली? खाली कशाला न्यायचं?"

"कारण प्रोग्राम बारावर चालतो."

"मग पुढे ने ना. चौदा हाय का?"

"आहे. पण अजून तयार नाही झालेलं. अर्धवट आहे."

"म्हणजे अजून कोणाकडेच नसेल?" काकाचा चेहरा उजळला. "मग तर तेच टाक!"

बाहेरून दाजींनी हाक मारली. "उन्नती, मशीन चालेल का न्हाय, तेवढा सांग."

"चालेल, दाजी. पण पावत्या बरोबर छापतंय का, हे बघायला माधवी लागेल. मला तो प्रोग्राम वापरता येत नाही."

"मग बोलव तिला."

"दाजी, तिनेच तर..." काका सुरू झाला.

"काम तिला येतं. तुला न्हाय येत. बोलव."

मी माधवीला फोन केला. ती पहिल्यांदा नाही म्हणाली.

"उन्नती, काम गेलं त्याचं मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण तुझ्या काकांनी हायवेवरच्या सगळ्या काट्यांवर फोन करून सांगितलंय की माधवीने मशीन बंद पाडलं. काल मी दोन ठिकाणी विचारायला गेले. एक जण म्हणाला, तुम्ही कॉम्प्युटर सोडून दुसरं काही करता का? शनिवारी संध्याकाळपर्यंत पावत्या येत होत्या, रविवारी मी आईला घेऊन वज्रेश्वरीला गेले होते. सहा वर्षांत माझी एक पावती चुकली नाही. आता मला कोण खुर्चीत बसवणार?"

"तू ये," मी म्हटलं. "काय झालं ते मशीनमध्ये लिहिलेलं असतं. मी वाचते."

घरचं उरकून ती यायला दोन तास लागणार होते. तेवढ्यात मी नोंदीची फाईल उघडली. कुठलं पॅकेज कधी बसवलं आणि कोणाच्या नावाने, हे डेबियन स्वतः लिहून ठेवतं. कोणी विचारो न विचारो. शेवटच्या नोंदीत तारीख होती सोळा नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. त्याखाली सहाशे बारा पॅकेजेसची यादी. आणि मधे एक ओळ, 'रिक्वेस्टेड बाय', पुढे 'मितेश'.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"माझा पासवर्ड तिला म्हाईत असणार," तो म्हणाला.

"तुझा पासवर्ड काय आहे?"

त्याने सांगितला. गाडीचा नंबर आणि मुलाचं नाव.

"काका, हे तुझ्या गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलंय. सगळ्या वडप्याला माहीत आहे."

"तेच तर म्हणतोय मी! कोणीही करू शकतो."

"सोळा तारखेला रविवार होता. माधवी आईला घेऊन वज्रेश्वरीला गेली होती. खुर्चीत तू होतास."

काकाने दाराकडे बघितलं. दाजी पाठमोरे बसले होते. तो खाली वाकला आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "ही नुसती फाईल हाय ना? हिच्यात नाव बदलता येत असेल."

"येतं."

"मग तिथं माधवी टाक की. तिला काय फरक पडतो? ती तर चाललीच हाय."

तो थट्टा करत नव्हता. ज्या माणसाला मागच्या वर्षीचा फोन नको असतो, त्याला मागच्या रविवारचीही नोंद नको होती. मी ती फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला.

"आधी मशीन," मी म्हटलं.

मागे जायचा रस्ता डेबियनमध्ये सरळ नाही. बनवणाऱ्यांनी तो बनवलेलाच नाही, कारण लोक पुढेच जातील असं त्यांनी धरलं होतं. वडपे त्यांनी बघितलेलं नाही. मी तेराची ओळ काढली. मग एक छोटी फाईल लिहावी लागते, जिच्यात कुठल्या आवृत्तीला किती मान द्यायचा हे आकड्यात सांगायचं असतं. हजारापेक्षा कमी मान दिला तर मशीन खाली उतरत नाही. हजार झाले की ऐकतं. खात्रीसाठी मी बाराव्या आवृत्तीपुढे एक हजार एक लिहिलं.

"एक हजार एक?" काका म्हणाला. "आहेर देतेस का मशीनला?"

"असंच समज."

मी हुकूम दिला. स्क्रीनवर लांबलचक यादी आली आणि खाली प्रश्न आला, सहाशे बारा पॅकेजेस खाली उतरवायची का? उत्तर न देता एंटर दाबलं तर मशीन नाही धरून चालतं. काका डोळे मिटून उभा राहिला. मी हो म्हटलं.

सगळं एका दमात झालं नाही. नवीन आवृत्तीत नावं बदललेली काही पॅकेजेस आडवी आली, ती मी हाताने काढली. ज्या एका लायब्ररीवर, म्हणजे मूळ पॅकेजवर, बाकी सगळं उभं असतं ती उतरताना मलाही घाम फुटला. ती अर्ध्यावर राहिली असती तर मशीनला साधी फाईलसुद्धा उघडता आली नसती. या सगळ्यात काका तीनदा म्हणाला, "मी सांगत होतो, चौदा टाक." चौथ्यांदा दाजी उठून दारात आले, मग तो गप्प झाला.

मशीन बंद करून परत चालू केलं. कोपऱ्यात बारा आलं. काकाने तोंड फिरवलं.

माधवी आली तेव्हा साडेचार झाले होते. ती काकाकडे न बघता खुर्चीत बसली आणि तिने प्रोग्राम उघडला. खिडकी उघडली, या वेळी मिटली नाही. प्रितेशच्या रांगेतून कंटाळून आलेला एक ट्रक प्लॅटफॉर्मवर चढला. माधवीने नंबर टाकला, बटण दाबलं. प्रिंटर करकरला आणि पावती बाहेर आली. तिने ती दोनदा वाचली, जुन्या पावतीशी ताडून बघितली आणि ड्रायव्हरला दिली.

"हां, ये असली है," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

"आणखी एक छापायचंय," मी म्हटलं आणि त्या रविवारच्या नोंदीतल्या वरच्या ओळी प्रिंटरला पाठवल्या. पावतीच्याच कागदावर त्या आल्या. वर लाल अक्षरांत 'भोईर वजनकाटा, वडपे', खाली तारीख, वेळ आणि नाव.

माधवीने वाचलं. ती उठली, दाजींसमोर गेली आणि त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून एकेक शब्द मराठीत करून सांगितला. रविवार, सोळा तारीख. दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. करणाऱ्याचं नाव मितेश.

"रविवारी तू बसला व्हतास ना?" दाजी म्हणाले.

"मी बंद कुठे केला? मी फक्त अपडेट केला," काका म्हणाला. "बंद तो आपोआप झाला."

"आणि या पोरीला तीन दिवस घरी बसवली."

"झालं गेलं, दाजी. माधवी, उद्यापासून ये. विसरून जा."

"मी येते," माधवी म्हणाली. "पण दोन गोष्टी. मशीनचा पासवर्ड माझ्याकडे राहील. तुमच्या नावावर काही बसवता येणार नाही. उन्नतीने आत्ता तसं करून द्यायचं."

"काटा माझा आणि पासवर्ड तुझा?"

"काटा दाजींचा आहे," माधवी म्हणाली.

दाजी हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. "आन दुसरी?"

"ज्यांना ज्यांना फोन करून माझं नाव सांगितलंत, त्यांना परत फोन करायचा. इथे, माझ्यासमोर."

हे काकाला पासवर्डपेक्षा जड गेलं. तो म्हणाला, बॅटरी कमी आहे. मी चार्जर दिला. तो म्हणाला, नंबर सेव्ह नाहीत. माधवीने काट्यांच्या नंबरांचा कागद भिंतीवरून काढून दिला. त्याने खालच्या नावापासून सुरुवात केली आणि दर फोनला आवाज आणखी बारीक करत वर आला. सगळ्यात वर प्रितेश होता.

"हां, प्रितेश. ते माधवीचं मी बोललो व्हतो ना... न्हाय, तिने न्हाय केला. कोणी? अरे, झाला माझ्याकडून. हां. चालू झाला परत. आता?" तो थांबला. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याला बाजारात चपलेशिवाय उभं केलं होतं. "बारा. हो, बारावरच हाय."

पलीकडून प्रितेश काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. काकाचे कान लाल झालेले मात्र दिसले.

मी त्याच बैठकीत काकाचं नाव पासवर्डवाल्यांच्या यादीतून काढलं आणि माधवीचं घातलं. काका बघत होता. मशीनच्या सूचना ज्याच्या फोनवर जातात त्या जागीही तिचंच नाव टाकलं.

त्यानंतर काही दिवस काकाने मशीनला हात लावला नाही. डिसेंबरच्या एका रविवारी त्याने प्रयत्न केलाच. हे मला माधवीनेच फोनवर सांगितलं. ती सोमवारी कामावर आली तर काका तिच्याआधीच खुर्चीत बसलेला, स्क्रीनकडे बोट दाखवत.

"काल मी जरासा, नुसता बघण्यासाठी, एक हुकूम टाकला," तो म्हणाला. "तर हे आलं. काय लिहिलंय बघ ना, मॅडम."

हे मॅडम त्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. माधवीने वाचून दाखवलं. लिहिलं होतं की मितेश यांना परवानगी नाही, आणि हा प्रकार कळवण्यात आलेला आहे.

काका घाबरला. "कळवलाय? कोणाला कळवलाय? सरकारला?"

"मला," माधवी म्हणाली. "काल दुपारीच आला मेसेज. आता उठा, गाडी चढतेय."